भाऊजींनी घेतलेला लॅपटॉप

माझे थोरले दीर बळवंत चुरी यांना मी अहो-जाहो करते. त्याला मान समजू नये. लग्न होऊन चिंचणीत आले तेव्हापासून जिभेला लागलेलं ते वळण आहे, आता या वयात मोडत नाही.

भाऊजी तारापूरच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घराबाहेर पडताना शर्टाच्या खिशाला पेन लागतंच. गावात त्यांचं नाव आहे ते खरेदीसाठी. कुणाला फ्रीज घ्यायचा असो, विहिरीवरची मोटार घ्यायची असो, लोक त्यांना सोबत नेतात. दुकानात शिरले की भाऊजी आधी खुर्ची मागतात, मग पाणी मागतात, आणि पाणी पिऊन झालं की मालाला नावं ठेवायला सुरुवात करतात. दुकानदार कंटाळतो आणि थोडे पैसे सोडतो. मग नेणारा माणूस गावभर सांगत सुटतो, बळवंतदादा होते म्हणून मिळालं.

ते सोडलेले पैसे दुकानदाराने आधीच चढवून ठेवलेले असतात, हे मला माझ्या पहिल्या मिक्सरच्या वेळी कळलं. शेजारणीने तोच मिक्सर, त्याच दुकानातून, एकटीने जाऊन आमच्यापेक्षा स्वस्तात आणला होता. मी घरी तसं बोलले तर भाऊजी म्हणाले, "तिचा डुप्लिकेट हाय." तिच्या डुप्लिकेटवर ती अजून चटणी वाटते. आमचा ओरिजिनल कधीच भंगारवाल्याकडे गेला.

माझे मिस्टर नीलेश डायचं काम करतात, म्हणजे सोनारांना लागणारे दागिन्यांचे साचे बनवतात. पोलादाच्या तुकड्यावर पानं-फुलं कोरायची. एक रेघ चुकली तर अख्खा तुकडा बाजूला टाकतील, इतका काटेकोर माणूस. पण थोरल्या भावाने डोळ्यांदेखत काही चुकवलं तर तोंडातून शब्द काढणार नाहीत. "दादा बघेल," एवढंच. आमच्या घराचा पत्रा, आमची गाडी, आमच्या वैष्णवीचं कॉलेज, सगळं दादाने बघितलं.

वैष्णवी पालघरला सिव्हिलचा डिप्लोमा करत होती. दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा विषय सुरू झाला आणि सरांनी वर्गात सांगितलं की जमेल त्याने स्वतःचा लॅपटॉप घ्या. संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. भाऊजी जेवायला आमच्याकडेच होते, जाऊबाई माहेरी गेल्या होत्या.

"सर म्हणाले, आठ जीबी रॅम पाहिजे आणि एसएसडी पाहिजे. तेवढं असलं की ड्रॉइंग अडकत नाही. बाकी जुना असला तरी चालेल."

"जुना?" भाऊजींचा घास हातातच राहिला. "चुऱ्यांच्या घरात जुना माल येणार नाय. तुज्या सरला कोण कमिशन देतो ते बघायला पायजे."

"काका, जुना म्हणजे ऑफिसातला वापरलेला. दुरुस्त करून विकतात. त्यातच आपलं बजेट—"

"बजेट माज्यावर सोड."

बजेट तीस हजारांच्या आतलं होतं आणि ते नीलेशचं होतं. भाऊजींचा त्यात रुपया नव्हता. तरी नीलेश म्हणाले, "दादा बघेल."

पहिल्यांदा भाऊजी वैष्णवीला घेऊन पालघरच्या एका मोठ्या दुकानात गेले. काचेचा दरवाजा, आत गारवा, टेबलांवर ओळीने लॅपटॉप उघडून ठेवलेले. आमच्या पैशांत बसणारा एक नवा तिथे होता. साधा, करड्या रंगाचा, सरांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी असलेला. वैष्णवीच्या मनात तोच भरला होता. भाऊजींनी तो बंद केला, उचलला, हातावर तोलला आणि बोटाच्या पेराने नारळ वाजवावा तसा वाजवला.

"पापडासारखा हाय. यात माल काय टाकलाय?"

"अंकल, हलका असणं चांगलं. कॉलेजला न्यायला बरं पडतं," विक्रीवरचा माणूस म्हणाला.

"मला शिकवू नको. मी मशिनरीत जिंदगी काढलीय. याच्या पिक्चर ट्यूबची गॅरंटी किती?"

तो माणूस काही क्षण बघतच राहिला. मागे उभ्या असलेल्या दोघींनी तोंडावर हात धरले. हे मला वैष्णवीने घरी येऊन सांगितलं, तेव्हाही तिचे कान लाल होते. भाऊजींना मात्र वाटलं की दुकानदाराची बोबडी वळली. "प्रश्नाचं उत्तर नव्हतं त्याच्याकडं," हे त्यांनी पुढे नाक्यावर कितीतरी जणांना सांगितलं. दिवाळीत सेल लागतो, तेव्हा हाच माल अर्ध्या किमतीत पायाशी येऊन पडेल, असं म्हणून त्यांनी तो सोडला.

गणपती गेले, नवरात्र गेलं. वैष्णवी कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये थांबायची. लॅबमधल्या मशीनपुढे रांग. नंबर लागून ड्रॉइंग अर्धं होईपर्यंत लॅब बंद करायला शिपाई यायचा. बोईसरहून चिंचणीची गाडी चुकली की ती खाडीवरच्या पुलापर्यंत कुणाच्या तरी रिक्षात टेकून यायची, पुढे चालत. सेल लागला तेव्हा भाऊजी फोन डोळ्यांजवळ धरून ओटीवर बसले. भाव उतरला.

"घेऊया का दादा?" नीलेशनी विचारलं. त्यांच्या मानाने हे खूप झालं.

"अजून उतरेल. तू घाई करू नको."

दुसऱ्या दिवशी माल संपला होता. भाऊजी म्हणाले, कंपन्या लोकांना फसवतात. जी माणसं चूक झाली की जगाला शिव्या घालतात, त्यांच्यासमोर बोलून फायदा काय?

मग एकदा मीच म्हटलं, बोईसरला स्टेशनजवळ एक दुकान आहे, वापरलेले लॅपटॉप नीट करून विकतात, वैष्णवीच्या मैत्रिणीने तिथूनच घेतला. भाऊजी नाखुशीने निघाले. मी मुद्दाम बरोबर गेले.

दुकान चिंचोळं होतं. टेबलामागे मोनाली नावाची बाई होती, सफाळ्याहून रोज येणारी. खांद्यावर मोबाईल मानेने दाबून कुणाशी तरी भांडत होती आणि हाताने स्क्रू काढत होती. भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं.

"मालक कुठं हायत?"

"मीच. बोला."

"नाय, म्हणजे माणूस. मिस्टर वगैरे."

"मिस्टर वसईला नोकरीला आहेत. लॅपटॉप घ्यायचाय की मिस्टरांना भेटायचंय?"

मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं. वैष्णवीने तिला काय हवं ते सांगितलं. मोनालीने फळीवरून एक काळा लॅपटॉप काढला. एका कंपनीतून आलेला, झाकणावर थोडे ओरखडे. आठ जीबी, एसएसडी, बॅटरी नवी घातलेली, दुकानाची सहा महिन्यांची गॅरंटी. "पाहिजे तर बसून चालवून बघ," ती वैष्णवीला म्हणाली.

वैष्णवी बसणार तोच भाऊजींनी तिचा दंड धरला. "उठ. हे कंपन्यांचं भंगार हाय. आमी असा माल गोणीत भरून विकायचो." मग मोनालीला म्हणाले, "बायांचा धंदा नाय हा. चुरमुरे विका."

मोनालीने फोन पुन्हा कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. भाऊजी पायऱ्या उतरले ते छाती काढून, जसं काही मोठं काम करून आले.

त्यांना हवा तसा माणूस त्यांना पंधरवड्याच्या आत भेटला. त्याचं नाव धर्मेश. बोईसरलाच एका इमारतीत वरच्या मजल्यावर गाळा होता, ऑफिस बंद होतंय म्हणून माल काढायचाय असं सांगत होता. भाऊजी मला आणि वैष्णवीला घेऊन गेले. धर्मेशने दारात येऊन नमस्कार केला. खुर्ची न मागता दिली. पाण्याच्या जागी थंड कोकम आलं.

"साहेब, तुम्ही लाइनमधले दिसता," धर्मेश म्हणाला. "तुमच्यापुढे मी काय बोलणार? तुम्हीच हात लावून बघा."

एवढ्यावर माझे दीर विकले गेले. माणसाची किंमत काय असते ते त्या दिवशी मी पाहिलं: एक पेला कोकम आणि दोनदा साहेब.

लॅपटॉप भला मोठा होता, चंदेरी, चकचकीत. भाऊजींनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघ, वजन बघ! याला म्हणतात मशीन." हातावर भारी होता हे खरं. माझ्या पाट्यासारखा.

वैष्णवीने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "काका, माझं एक ड्रॉइंग यात आहे. उघडून बघते, चालतं का ते."

धर्मेश हसला. "बेटा, तुझे काका आहेत ना? सील माल आहे, आत काही घातलं की गॅरंटी जाते."

"ठेव ते," भाऊजी तिच्यावर खेकसले. "चारचौघांत शोभा करतेस."

चारचौघांत होतो कोण? आम्ही दोघी आणि तो चोर. वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाऊजी, बघू द्या की तिला, वापरायचा तिलाच आहे." भाऊजींनी खिशातलं पेन काढून पावतीवर सही केली आणि नीलेशचे पैसे मोजून धर्मेशच्या हातावर ठेवले.

घरी आल्यावर त्यांनी मला लॅपटॉपची पूजा करायला लावली. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, पेढे. शेजारचे सहा-सात जण बोलावले. स्वतः लॅपटॉपशेजारी बसून फोटो काढून घेतला. ज्या पोरीचा लॅपटॉप, ती फोटोत दिसतही नाही, कारण ती पेढे वाटत होती.

त्याच संध्याकाळी चार्जरची वायर निघाली आणि लॅपटॉप खाडकन बंद पडला. बॅटरीत जीवच नव्हता. वायर लावून वैष्णवीने ड्रॉइंग उघडलं, तर पडदा गोठला आणि आतून दळणाच्या चक्कीसारखा आवाज यायला लागला. तिने आत शोधून पाहिलं. रॅम निम्मीच होती, डिस्क जुन्या पद्धतीची. खालच्या बाजूचा चकचकीत स्टिकर तिने नखाने उचलला, तर त्याखाली दुसरा, पिवळा पडलेला स्टिकर निघाला. तिने तो काकांना दाखवला. रडली नाही. नुसता दाखवला.

भाऊजींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुला वापरता येत नाय. मशीनला सवय व्हावी लागते."

नीलेश खाली मान घालून बसले होते. त्या रात्री मला त्यांचाही राग आला, पण त्यांच्यावरच्या रागाला निदान तळाशी माया होती. भाऊजींच्या बाबतीत तळ लागेना.

धर्मेशचा फोन बंद लागला. गाळ्याला कुलूप. मी म्हटलं, पोलिसात जाऊया, पावती आहे, सही आहे.

"डोकं फिरलंय काय तुजं, शैला? पोलिसात गेलो तर गावात काय सांगायचं? बळवंत चुरीला टोपी घातली?"

"घातलीच ना, भाऊजी."

एवढं मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच बोलले. ते उठून गेले. जाताना लॅपटॉप बखोटीला मारून घेऊन गेले, म्हणे दुरुस्त करून आणतो. तो परत आला नाही. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी, जाऊबाईंनी विणलेल्या रुमालाखाली ठेवलेला मी नंतर पाहिला. पाहुणे आले की रुमाल उचलून दाखवतात.

परीक्षेत वैष्णवी ड्रॉइंगमध्ये नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पास, याच एकात गेली. भाऊजी आमच्या ओटीवर बसून कुणाला तरी सांगत होते, "एवढा महागाचा लॅपटॉप घेऊन दिला, तरी पोरीचं लक्ष नाय." मी आत भाकऱ्या थापत होते. वैष्णवी माझ्या शेजारी बसून कांदा चिरत होती. तिचा हात थांबला. "आई," ती हळूच म्हणाली, "ते असं का करतात?"

मी तवा उतरवला आणि बायकांच्या भिशीतल्या तानीला फोन केला. या महिन्याचा नंबर तिचा होता, तो मला दे आणि माझा तू घे, म्हटलं. तानी लगेच हो म्हणाली, का ते विचारलंसुद्धा नाही.

पैसे हातात आल्यावर मी एकटीच बोईसरला गेले, मोनालीचं दुकान उघडं आहे का ते बघायला. वाटेत धर्मेशच्या गाळ्याची इमारत लागली. पाय आपोआप जिन्याकडे वळले. वर आता मोबाईलची कव्हरं विकणारा एक बिहारी मुलगा बसला होता. मी धर्मेशचं नाव काढताच तो म्हणाला, "आप भी? एक चाचा भी आते हैं. पेनवाले. आके उधर सीढ़ी पे बैठते हैं, पूछते हैं आया क्या. हम बोले, चाचा, वो नहीं आएगा. फिर भी बैठते हैं. एक दिन रोने जैसा हो गया उनका."

मी त्या पायरीकडे पाहिलं. सिमेंटची, कडेला पानाच्या पिंका. तिथे बसलेले भाऊजी डोळ्यांपुढे आले. म्हातारा माणूस, धुतलेला शर्ट, जिन्यावर बसून चोराची वाट बघतोय. घरी सांगायचं नाही असं मी ठरवलं, आणि यापुढे त्यांना लागेल असं बोलायचं नाही, असंही ठरवलं.

संध्याकाळी भाऊजी चहाला आले. बशीत चहा ओतून म्हणाले, "धर्मेशचा फोन आलता. माफी मागत होता बिचारा. म्हणतो, साहेब, तुमच्यासाठी स्पेशल माल बदलून देतो. मीच म्हटलं, राहू दे, आमचं चालतंय."

दिवसभर बाळगलेली दया त्यांनी एका बशीत बुडवली. माणूस फसला, हे मी विसरले असते. फसल्यावर जिन्यावर बसून रडकुंडीला आला, त्याबद्दल तर मी त्यांच्या पाया पडले असते. पण दुसऱ्याच्या पोरीचं वर्ष वाया घालवून वर चोराचीच फुशारकी? यांच्यासाठी वाईट वाटून घ्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

मी आणि वैष्णवी मोनालीकडे गेलो. तिने आम्हाला ओळखलं.

"चुरमुऱ्यांना आणलं नाही आज?" तिने विचारलं.

"नाही. आम्हीच."

तो काळा लॅपटॉप कधीच गेला होता. दुसरा होता, त्याच जातीचा, पण एका कोपऱ्याला चेंबलेला आणि थोडा महाग. मी भाव कमी करायला सांगितला. मोनाली नाही म्हणाली, आणि ती नाही म्हणाली ते बरोबरच होतं. वैष्णवी स्टुलावर बसली, स्वतःचं ड्रॉइंग उघडलं, भिंती हलवल्या, जिना फिरवला, वायर काढून पाहिली. बराच वेळ लागला. मोनालीने मध्ये दोन गिऱ्हाइकं केली, आम्हाला घाई केली नाही. शेवटी वैष्णवी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई, चालतंय." कितीतरी महिन्यांनी तिचे दात दिसले.

पूजा आम्ही केली नाही. नीलेशनी तो लॅपटॉप हातात घेतला, चेंबलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि आपल्या कामाच्या पेटीतली बारीक कानस आणून तिथली टोचणारी कड घासून गुळगुळीत केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी बोलायला पाहिजे होतं." मी "हो" म्हटलं.

राहिलेला विषय वैष्णवीने सोडवला. आता ती पालघरला एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढते, शनिवारी पगाराच्या गप्पा मारते आणि काकांशी अगदी गोड बोलते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. त्यापलीकडे त्यांना एक शब्द विचारत नाही. मला वाटतं, माझ्या टोमण्यांपेक्षा ते जास्त लागत असणार, पण भाऊजींना लागतं की नाही हे कुणी सांगावं.

गेल्या महिन्यात तारापूरचे शिवाजी मेहेर भाऊजींकडे आले. त्यांच्या मुलीला लॅपटॉप घ्यायचा होता. भाऊजी त्यांना मोठ्या दिमाखात आमच्या ओटीवर घेऊन आले.

"वैष्णवी, सांग गं यांना, आपण तुजा लॅपटॉप कसा पारखून घेतला ते."

वैष्णवी बाहेर आली. भाऊजींकडे पाहून हसली आणि मेहेरांना म्हणाली, "तो मी आणि आईने घेतला, काका. यांनी घेतलेला त्यांच्या टीव्हीशेजारी आहे, तो चालत नाही. तुमची मुलगी काय शिकतेय?"

मग मेहेर आपली खुर्ची उचलून वैष्णवीच्या बाजूला सरकवून बसले आणि मुलीचं सांगायला लागले. भाऊजी मध्ये मध्ये बोलत होते, "कंपनी बघावी लागते," "बिल पक्कं पायजे," पण मेहेरांनी त्यांच्याकडे मान वळवली नाही.

पुढच्या रविवारी मेहेर, त्यांची मुलगी आणि वैष्णवी बोईसरला गेले. जाताना भाऊजींच्या दारावरूनच रिक्षा गेली. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, पेन लावून अंगणात उभे होते. रिक्षा थांबली नाही. ते तसेच उभे राहिले, मग जाऊबाईंना ओरडून म्हणाले की मलाच जायचं नव्हतं, ऊन फार आहे.

ऊन काही नव्हतं. मी कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू आलं.